गो-नोगो

जालन्याच्या एमआयडीसीत, सळईच्या भट्ट्यांमागच्या गल्लीत
आमचं शेड. तीन लेथ, एक ग्राइंडर,
कोपऱ्यात काचेची खोली. तिथं मी बसते.
माझं काम मोजायचं.

अठरा मिलिमीटरची पिन. तोफेत नेमकी कुठं बसते
ते सांगत नाहीत. ड्रॉइंगवर पिन आहे,
तोफ नाही.
मुनीरचाचा म्हणतात, नथ दाखवली,
नवरी काय दाखवंनात.

फेब्रुवारीच्या एक तारखेला लाहोटीशेठनी मोबाइल
तेलाच्या डब्याला टेकवून ठेवला.
संरक्षणासाठी इतके लाख कोटी.
चाचांनी काळ्या बोटानं पत्र्यावर शून्यं काढली;
बारा का तेरा, ह्यावर चहा गार झाला.
मग शेठनी हिशेब उलटा लावला:
त्यातनं आपल्याला एका पिनीमागं एकशे बेचाळीस रुपये,
जीएसटी सोडून,
आणि मागच्या वर्षीचे तर अजून यायचेत.

माझा भाऊ अंगद त्याच आकड्यात आहे,
पण दुसऱ्या रकान्यात.
पगार, रेशन, डिझेल, पेन्शन हे महसुली, शेठ म्हणाले,
तोफा, विमानं भांडवली.
एकाच कायद्यात आम्ही दोघं बहीणभाऊ,
मधी एक उभी रेघ.
रात्री फोनवर विचारलं,
तुमच्या तोफांना आमच्या पिना लागल्या का रे?
हसला. म्हणला, अक्का, मी ट्रकवर आहे.
बटाटे नेतो वर. गोठले की दगडासारखे वाजतात.
नवे मोजे आलेत, ते चांगलेत.
मग रेंज गेली.

मार्चमधली ती संध्याकाळ.
मागण्या मंजुरीला होत्या आणि घड्याळात सहा वाजले.
बोलायचं राहिलं ते राहिलं. उरलेल्या सगळ्या एकदम
मताला टाकल्या. त्याला तिथं गिलोटिन म्हणतात,
आमच्याकडं शिअर मशीन.
संमती असेल त्यांनी हो म्हणावं.
हो.
विरोध असेल त्यांनी नाही म्हणावं.
एक बारीक नाही आलं कुठून तरी,
का खुर्ची करकरली.
होवाल्यांची सरशी.
एवढे कोटी, एका आवंढ्यात.

तेव्हा माझ्या हातात चारशे सतरावी पिन होती.
गेजला दोन रिंगा असतात.
पिन गोमधून निसटली पाहिजे,
नोगोत अडली पाहिजे.
दोन्हीकडं हो म्हणली तर भंगार.
चाचांनी पहिल्याच दिवशी सांगितलेलं,
बेटा, जे कुठंच अडत नाही
त्याच्यावर भरोसा ठेवू नको.

ती अडली नाही.
सहा मायक्रॉननं बारीक. केसाचा दहावा हिस्सा.
शेठ दारात. मार्चएंड आलाय, गाडी भरायचीय,
एकतीसच्या आत माल गेला नाही तर
मंजूर पैसा परत जातो, पुढं कुणाला विचारायचं?
हो म्हण की, एका पिनीनं काय होतंय.

काय होतंय ते खरंच मला माहीत नाही.
तोफ मी बघितलेली नाही.
वर थंडीत एक ट्रक असेल, बटाट्याचा,
आणि त्याच्या आसपास कुठं तरी ती असेल, एवढंच.

लाल रंगाचा ठिपका दिला.
वहीत लिहिलं: ४१७, नाही. खाली सही.

शेठ मला काही बोलले नाहीत.
बाहेर जाऊन चाचांना म्हणाले, पोरगी लई मोजती.
चाचांनी चक ढिला केला, नवा रॉड लावला.

पिन मी भंगाराच्या भावानं घरी आणली, नऊ रुपयाला.
आई तिनं लसूण ठेचती.
म्हणती, वजनाला बरी हाय.